पाण्याचा आकडा कुणाच्या मालकीचा?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा लढा पाण्याला हात लावण्याचा होता. आज वालधुनीच्या काठावरच्या आमच्या वस्त्यांत पाण्याला हात लावायला कुणी अडवत नाही. हात लावावा असे ते पाणीच उरलेले नाही. आता लढा आहे तो या पाण्यात काय आहे हे कळण्याच्या हक्काचा.

रात्री उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात. आम्ही फोन करतो. नमुना घ्यायला माणूस येतो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर ते पाणी खाडीला लागलेले असते. अहवालात सगळे ठीक निघते आणि खोटे आम्ही ठरतो.

बदलापूर आणि मोहने येथे उल्हास नदीचे नमुने महिन्याकाठी घेतले जातात. महिन्याचे तास ७२०, आणि साक्षीला एक बाटली! रात्री टँकर ओतणाऱ्याला याहून सोयीची व्यवस्था कोणती? नोव्हेंबर २०१४ अखेर उल्हासनगरात वालधुनीत ओतलेल्या रसायनाने शेकडो माणसे श्वास कोंडून रुग्णालयात गेली. तेव्हा प्रयोगशाळेच्या आधी माणसांच्या फुप्फुसांनी मोजमाप केले.

अमोनिया आपोआप मोजणारी यंत्रे आहेत आणि त्यांत जादू काही नाही. पंप नदीचे पाणी ओढतो, गाळतो, त्यात रसायने मिसळतो. अमोनिया असेल तर पाणी हिरवे-निळे होते. रंग जितका गडद, तितका अमोनिया जास्त. दुसऱ्या प्रकारात पाण्यात अल्कली घालून अमोनियाचा वायू करतात आणि पडद्यापलीकडचा इलेक्ट्रोड तो मोजतो. आकडा दिवसरात्र मिळत राहतो. असे यंत्र प्रत्येक विष पकडत नाही, हे खरे. पण मैला आणि अनेक कारखान्यांचे सांडपाणी ते लगेच ओळखते.

कारखान्यांच्या तोंडाशी ऑनलाइन मीटर आहेत, असे आम्हाला सांगितले जाते. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी उद्योगांना तसे आदेश दिले, हे खरे. पण तो मीटर कारखान्याच्या दारात, त्याची देखभाल कारखान्याच्या पैशाने. चोराच्या घरी चोराचाच पहारेकरी! आणि टँकर त्या मीटरसमोरून जातच नाही.

आता कायद्याचा आकडा पाहा. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात अमोनिया-नायट्रोजन लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. पिण्याच्या पाण्यात अमोनियाची मर्यादा आहे ०.५. मधला फरक नदीने आपल्या पाण्याने भरून काढायचा. उन्हाळ्यात वालधुनीत सांडपाण्याशिवाय दुसरे वाहते काय?

दिल्लीत यमुनेचा अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास गेला, की वजिराबादचे जलशुद्धीकरण अडखळते, कारण अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो. त्याची देशभर बातमी होते. वालधुनीकाठच्या वस्तीची बातमी व्हायला माणसे बेशुद्ध पडावी लागतात.

वर आम्हालाच ऐकवले जाते, 'नदी झोपडपट्टीवाल्यांनी घाण केली.' ठीक आहे, मोजा! वस्तीच्या वर एक यंत्र, वस्तीच्या खाली एक. टोलेजंग इमारतींचा मैला किती, एमआयडीसीचे किती, आमचे किती, याचा अंदाज तरी येईल. ज्यांच्या जातीने पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण उपसली, त्यांच्यावरच घाणीचा आळ घेणाऱ्यांनी आकड्याला घाबरू नये.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. नद्यांची माहिती गोळा करणे हे त्याचे पहिले काम. मोजल्याशिवाय नदीचे नियोजन नाही, हे तेव्हाच ओळखलेले होते. मोजमाप ही आमच्यासाठी साहेबांची मेहेरबानी नाही, वारसा आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वालधुनी आणि उल्हास नदीवर अशी यंत्रे असतील तर त्यांचे आकडे दाखवा. नसतील तर बसवा. आकडा मराठीत, वस्तीच्या नाक्यावरच्या फलकावर, चोवीस तास लागला पाहिजे. पडद्यावर शेवाळ आणि तेल चढले की यंत्र खोटे बोलते. म्हणून ते कधी धुतले, कधी तपासले, तेही त्याच फलकावर लिहा. हार घालून उद्घाटन केलेले आणि महिन्याभरात बंद पडलेले यंत्र आम्हाला नको. तपासणीच्या वेळी वस्तीतली दहावी-बारावी शिकलेली पोरे शेजारी उभी राहतील.

'शिका' याचा अर्थ आमच्यासाठी आज हाही आहे: आपल्या नदीचा आकडा वाचायला शिका. मग संघटित व्हा, मग संघर्ष करा.

जय भीम!