हिंजवडीचें म्हातारपण

हिंजवडीचें नांव निघालें कीं बोलणें रस्त्यांवर येतें. वाहनांची कोंडी, पावसाळ्यांत तुंबणारें पाणी, उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या इमारती. आणि या सर्वांवर उपाय म्हणून गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत घालावें कीं ग्रामपंचायतच राखावी, हा वाद. गेलीं कित्येक वर्षें तो वर्तमानपत्रांतून, सोसायट्यांच्या बैठकींतून आणि मंत्र्यांच्या दौऱ्यांतून गाजत आला आहे. वादाला आमची हरकत नाहीं. रस्ता हवा, पाणी हवें, हें कोण नाकारील? परंतु या गदारोळांत एक प्रश्न कोणीं विचारल्याचें आमच्या कानीं आलेलें नाहीं. ज्याला रस्त्यावर येतांच येत नाहीं, जो सातव्या मजल्यावरच्या सदनिकेंत किंवा जुन्या गांवठाणांतल्या अंधाऱ्या खोलींत अंथरुणाला खिळला आहे, त्याच्या दारीं कोण जाणार?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. म्हाताऱ्या, अपंग आणि दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसांची घरपोंच शुश्रूषा हें स्थानिक स्वराज्य-संस्थेचें कर्तव्य आहे. दिवाबत्ती आणि गटारें झाल्यावर, पैसा उरला तर करावयाचें हें काम नव्हे. तें त्यांच्या बरोबरीचें आहे. तें कर्तव्य आज कोणीच बजावीत नाहीं, आणि बजावलें जात नाहीं याची लाजही कोणास वाटत नाहीं. या दुसऱ्या गोष्टीचा आम्हांस अधिक राग आहे.

हिंजवडींत वृद्ध आहेत कोठें, असें कोणी विचारील. तो तर तरुणांचा गांव! वृद्ध आहेत, आणि तीन प्रकारचे आहेत. पहिले मूळचे गांवकरी. १९९० नंतरच्या दशकांत औद्योगिक विकास महामंडळानें येथें राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविण्यास आरंभ केला. तेव्हां ज्यांच्या जमिनी गेल्या ते हे लोक. हातांत पैसा आला. शेत, गोठा आणि दिवसभराचें काम गेलें. पैसा वाटला गेला, पण म्हातारपण वांटून घेण्यास फारसें कोणी पुढें आलें नाहीं. दुसरे, नोकरदार मुलांनीं लातूरहून, नागपुराहून, बेळगांवाहून किंवा परप्रांतांतून आणलेले आई-बाप. मुलगा व सून सकाळीं बाहेर पडतात. मग दिवसभर चार भिंती, एक दूरचित्रवाणी आणि खाली फाटकावर पहारेकरी. शिधापत्रिका गांवाकडची, मतदारयादींतलें नांव गांवाकडचें, ओळखीचा डॉक्टरही गांवाकडचाच. तिसरे, ज्यांच्या श्रमांवर ही वसाहत उभी राहिली ते बिगारी, झाडूवाले, पहारेकरी. त्यांचें म्हातारपण पन्नाशींतच येतें, आणि आलें कीं त्यांस मुकाट्यानें गांवीं पाठविलें जातें. म्हणून ते आपल्या नजरेस पडत नाहींत.

या तिघांची गणती कोणाजवळ आहे? सरकारी मापानें सपाट प्रदेशांत तीस हजार लोकवस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य-केंद्र आणि पांच हजारांमागें एक उपकेंद्र असावें. ही लोकवस्ती जनगणनेवरून धरावयाची. २०११ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत साठी ओलांडलेले लोक शेंकडा ९.९ होते. त्यानंतर २०२१ सालीं होणारी जनगणना त्या सालीं झालीच नाहीं. आणि त्या दहा वर्षांतच हिंजवडीचें रूप ओळखूं येईनासें झालें. ज्यांची मोजणी नाहीं त्यांच्यासाठीं परिचारिका कोठून येणार?

आतां कायदा पाहूं. कारण आम्ही कांहीं नवें कर्तव्य पंचायतीच्या गळ्यांत बांधीत आहों असा आरोप होण्याचा संभव आहे. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचींत पंचायतीचीं जीं कामें सांगितलीं आहेत त्यांत लुळ्या-पांगळ्यांस, निराधारांस व आजाऱ्यांस साहाय्य हें काम आहे. १९९३ सालीं अंमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटना-दुरुस्तीनें अकरावें परिशिष्ट जोडलें. त्यांतील एकोणतीस विषयांमध्यें आरोग्य, रुग्णालयें व दवाखाने आहेत. अपंगांच्या कल्याणासह समाजकल्याणही आहे. घटनेचें एकेचाळिसावें कलम तर वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख नांव घेऊन करतें. आपल्या राज्यांत स्थानिक संस्थांनीं स्वतःच्या उत्पन्नाचे शेंकडा पांच दिव्यांगांसाठीं खर्चावे असा नियमही आहे. म्हणजे आज्ञा आहे, अधिकार आहे, थोडाबहुत पैसाही आहे. नाहीं ती इच्छा.

सरकार कांहींच करीत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. तिचें आणि श्रावणबाळ योजनेचें मासिक अनुदान २०२३ सालीं १,५०० रुपये झालें. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनांत साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसामागें केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये ठरला, आणि पुढें महागाई कितीही चढली तरी तो वर्षानुवर्षें हललाच नाहीं. पण रकमेचा वाद बाजूस ठेवूं. पैसे खात्यावर जमा होतात. पैसे कूस बदलून देत नाहींत. पाठीला पडलेलीं शय्याव्रणें धुण्यास, लघवीची नळी बदलण्यास, अर्धांगवायूनें गेलेल्या हाताला पुन्हा घास धरावयास शिकविण्यास माणूस लागतो. तो माणूस कोणत्याही योजनेच्या अर्जांत नाहीं.

यावर पहिला आक्षेप आमच्याच वर्गांतून येईल, आणि तो मोठ्या आवाजांत येईल. आई-बापांची सेवा हा मुलांचा धर्म आहे; आमच्या संस्कृतींत सरकारास यांत ओढण्याचें कारण काय? या आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे. परंतु ही सेवा प्रत्यक्षांत करतो कोण, हें एकदां स्वयंपाकघरांत डोकावून पाहावें. संस्कृति मुलाची आणि सेवा सुनेची, असा हा हिशोब आहे. नोकरी सोडते ती सून, रात्रीं उठते ती लेक. आणि जेथें ऐपत आहे तेथें ब्यूरोकडून आणलेली एखादी मावशी, जिला कोणीं कांहीं शिकविलेलें नाहीं आणि जिचें स्वतःचें म्हातारपण कोणाच्याच विचारांत नाहीं. कायद्यानेंही हाच सोपा मार्ग धरला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें मुलांकडून दरमहा कमाल १०,००० रुपये निर्वाहापोटीं मागण्याचा हक्क दिला, आणि प्रत्येक जिल्ह्यांत दीडशें निराधार वृद्धांसाठीं निदान एक आश्रम असावा असें सुचविलें. कोर्ट एका टोकाला आणि वृद्धाश्रम दुसऱ्या टोकाला. मधलें जें घर, जेथें बहुतेक माणसें म्हातारीं होतात आणि मरतात, त्या घरासाठीं त्यांत फारसें कांहीं नाहीं. घराला आधार दिल्यानें घर मोडत नाहीं. तें मोडतें थकव्यानें, आणि मग आपण सुनेला नांवें ठेवतों.

दुसरा आक्षेप पैशाचा. हा इतर कोठें कोणी घेतला असता तर आम्हीं ऐकून घेतला असता. हिंजवडींत तो शोभत नाहीं. २०२० सालीं कोविडची साथ आली तेव्हां विप्रो कंपनीनें येथील आपली एक कचेरी ४५० खाटांच्या रुग्णालयांत बदलून राज्य सरकारच्या हवालीं केली. मे महिन्यांत करार झाला आणि जूनमध्यें वास्तु तयार झाली. एका वर्षाच्या बोलीवर. कंपनीचें हें कृत्य स्तुत्यच होतें. आमचा रोख वेगळा आहे. जें गांव महिन्याभरांत साडेचारशें खाटा उभ्या राहिलेल्या पाहतें, त्या गांवाला दोन परिचारिका आणि एक गाडी परवडत नाहीं, हें आम्हांस पटवूं नये. साथीचें भय सर्वांना असतें, म्हणून साथीला पैसा मिळतो. वार्धक्य एकेकाला एकट्याला गांठतें, म्हणून त्याची वाच्यता होत नाहीं. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्या नफ्याचे शेंकडा दोन समाजकार्यास देतात त्यावर विसंबावें, असेंही कोणी म्हणूं नये. दान देणारा यंदा झाडें लावील, पुढील वर्षीं संगणक वाटील. अंथरुणावरच्या माणसाला पुढील वर्षींही तीच शुश्रूषा हवी असते. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या मुदतीसाठीं स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चण्यास देशभर ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली, ती उगीच नव्हे. आरोग्याचें काम गांवाच्या पायरीवर व्हावें लागतें, हें दिल्लीसही कळलें आहे.

तिसरा आक्षेप असा कीं पंचायतीला हें जमणार नाहीं. सरपंच आणि सभासद यांस यांतलें काय कळतें? केरळांतल्या सरपंचांस तरी आधीं काय कळत होतें? तेथें १९९६ पासून लोकनियोजनाची चळवळ झाली. मलप्पुरम् जिल्ह्यांत शेजाऱ्या-पाजाऱ्यांनीं एकत्र येऊन असाध्य रोग्यांची शुश्रूषा आरंभिली. २००८ सालीं राज्य सरकारनें त्याचें धोरण केलें, आणि पंचायतींनीं परिचारिका नेमल्या. ती परिचारिका घरोघर जाते, जखम धुते, औषध देते आणि घरच्या माणसाला तें कसें करावयाचें हें शिकवून येते. डॉक्टर मागें उभा असतो. दारांत ती असते. दूरचें उदाहरण नको असेल तर आपल्याच राज्यांत पाहावें. १९७० सालीं रजनीकांत व मेबेल आरोळे यांनीं जामखेडला निरक्षर स्त्रियांस गांवाचें आरोग्य सांभाळावयास शिकविलें. गडचिरोलींत अभय व राणी बंग यांनीं खेड्यांतल्या बायकांच्या हातून नवजात अर्भकांचे प्राण वांचविले. २००५ पासून गांवोगांव आशा-सेविका आहेत त्या याच जातीच्या अनुभवावर उभ्या आहेत. मात्र त्यांचें काम मुख्यतः बाळ आणि बाळंतीण यांचें. पाळण्यापाशीं पोंचलेला हात अंथरुणापाशीं पोंचूं नये असें कोठें लिहिलें आहे? जपाननें २००० सालीं वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकानें वर्गणी द्यावयाची, आणि विमा चालविणारी संस्था कोण, तर गांवची नगरपालिका. जपान श्रीमंत आहे हें खरें; पण तेथेंही काम गांवाकडेच सोंपविलें, हें अधिक महत्त्वाचें आहे.

राहिला चौथा आक्षेप, आणि तो सर्वांत घातक, कारण तो दिसावयास समंजस दिसतो: महानगरपालिका येईपर्यंत थांबावें. शेजारचें वाकड १९९७ सालीं पालिकेंत गेलें. म्हाळुंगें आणि सूस हीं गांवें २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेलीं. तेथें तरी अंथरुणावरच्या म्हाताऱ्याकडे पालिकेची परिचारिका नेमानें जाऊं लागली, असें आमच्या ऐकिवांत नाहीं. हद्द बदलल्यानें कर्तव्य आपोआप उगवत नाहीं. चैत्रांत म्हातोबाचें बगाड हिंजवडीहून वाकडला जातें. एक गांव पंचायतीचें, दुसरें पालिकेचें. बगाड ओढणाऱ्यांस ही हद्द आडवी येत नाहीं. दोन्ही गांवांचे खांदे एका लाकडाला लागतात. जें वर्षांतून एक दिवस देवासाठीं जमतें, तें उरलेले दिवस माणसासाठीं जमणार नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं.

आमची मागणी मोठी नाहीं. पंचायतीनें घरोघर फिरून एक नोंदवही करावी, आणि तींत मतदार असो वा नसो, मालक असो वा भाडेकरू, शुश्रूषेची गरज असलेल्या प्रत्येकाचें नांव घालावें. दोन परिचारिका व एक गाडी ठेवावी. चाकाच्या खुर्च्या, खाटा, काठ्या, पाण्याच्या गाद्या यांचें भांडार करावें. कारण या वस्तु घरोघर विकत घेतल्या जातात आणि माणूस गेल्यावर माळ्यावर पडतात. एखादें समाजमंदिर दिवसा वृद्धांसाठीं उघडें ठेवावें, म्हणजे घरच्या बाईला चार तास मोकळे मिळतील. आणि या कामाचा जमाखर्च ग्रामसभेपुढें दरवेळीं वाचावा. उद्यां पालिका आली तर ही वही आणि ही गाडी तिच्या स्वाधीन करावी. चालतें काम बंद पाडणें नव्या कारभाऱ्यासही जड जातें.

शेवटीं आपल्याविषयीं. ज्योतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते. गोपाळराव गोखल्यांनीं तिचें अध्यक्षपद सांभाळलें. सुशिक्षितांस तेव्हां गांवचा कारभार कमीपणाचा वाटत नव्हता. आज हिंजवडींत राहणारे आमचे किती वाचक ग्रामसभेस गेले आहेत? सभेच्या गणपूर्तीस मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल ती पुरते. शंभर माणसें! एका सोसायटीच्या गणपति-मंडपांत याहून अधिक जमतात. परंतु आपलीं नांवें अजून गांवाकडच्या यादींत, आणि आपलें सारें नागरिकत्व सोसायटीच्या फाटकाच्या आंत. फाटकाबाहेरच्या खड्ड्यावर आपण रागावतों, कारण त्यावरून आपली गाडी जाते.

ती गाडी कधींतरी थांबणार आहे. आज जे तीस वर्षांचे आहेत ते येथेंच साठीचे होतील. त्यांचीं मुलें तेव्हां कोणत्या देशांत असतील कोण जाणे. तेव्हां दारावरची घंटा वाजावी आणि बाहेर पंचायतीची किंवा पालिकेची परिचारिका उभी असावी, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं पुढच्या ग्रामसभेस जावें आणि हा एक विषय पत्रिकेवर घालून घ्यावा.