आपल्या रानात येतो का?

"ताई, हा गेम तू कुठं खेळली होतीस गं?"

इंदापूरला मामाकडे जेवायला बसले होते. ताटात बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि समोर मामेभाऊ. प्रश्न एकदम साधा. आवाजात रागही नाही. पण माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ. काही महिन्यांपूर्वी एका पुरवणीत मी त्या गेमचा रिव्ह्यू लिहिला होता. चार स्टार! 'या वीकेंडचे बाकी सगळे प्लॅन कॅन्सल करा' असं दणदणीत शेवटचं वाक्य. (लिहिताना स्वतःवरच जाम खूश झाले होते, खोटं कशाला बोलू?) गेम खेळले कोथरूडला, मित्राच्या फ्लॅटवर. त्याचा पीसी माझ्या स्कूटीपेक्षा महाग. गेमचा कोड कंपनीकडून फुकट आलेला. आणि खेळलेले एकूण तास? साडेतीन. डेडलाइन होती ना बॉस!

यातली एकही गोष्ट मी रिव्ह्यूमध्ये लिहिली नव्हती.

भाऊ नुकताच बारामती एमआयडीसीत लागलाय. पहिल्या पगारातून मामीला साडी आणि स्वतःला हा एक गेम. ताईनं लिहिलंय म्हणजे भारीच असणार! मित्राच्या रूमवरच्या वाय-फायवर दोन रात्री डाउनलोड चाललं. आणि मग त्याच्या कॉलेजच्या दिवसांतल्या लॅपटॉपवर तो गेम असा काही चालला, की हीरोनं डावा पाय उचलल्यावर उजवा पाय उचलेपर्यंत चहा पिऊन यावं. सेटिंगशी झटापट करता करता परताव्याची मुदतही टळली.

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आठ दिवस बघत होतो," तो म्हणाला.

हे जास्त लागलं. पैसे गेले ते गेलेच, पण माझ्या चार स्टारांपुढे पोरानं स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवला नाही!

मामा इतका वेळ गप्प होता. भाकरी मोडत म्हणाला, "डाळिंब लावताना आम्ही काय नुसता कंपनीचा कागद बघून लावतो व्हय? आधी बाग बघायची. रान मुरमाड हाय का काळं, पाणी कॅनॉलचं का बोअरचं, कितवा बहार हाय, ते इचारायचं. आन् रोपं त्यानं इकत घेतली का कंपनीनं फुकट दिली, ते बी. फुकटाचा प्लॉट कायम हिरवागार असतोय."

मामानं आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही. पण गेम रिव्ह्यू कसा वाचावा, याचा अख्खा कोर्स त्यानं एका भाकरीत उरकला.

बारामती-इंदापूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊस जसा येतो, तसा त्याच बारामती तालुक्यातल्या सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात येत नाही. इंदापुरात उजनीच्या फुगवट्याकाठच्या शेतकऱ्याचं गणित बोअरवाल्याला लागू होत नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात 'कृषिक' प्रदर्शन भरतं, तिथे पीक जमिनीत उभं करून दाखवतात. लोक वाकून पानं उलटून बघतात. सांगणारा खोटारडा आहे असं कुणी म्हणत नाही. फक्त त्याचं रान कोणतं, हे आधी विचारतात.

तर मंडळी, मामाचे प्रश्न आपल्या दुनियेत आणूया.

पहिला, रान कुठलं? म्हणजे रिव्ह्यू करणारा कशावर खेळला? डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला, तेव्हाची गोष्ट आठवा. रिलीजआधी समीक्षकांच्या हातात फक्त पीसीची आवृत्ती होती. सुरुवातीच्या रिव्ह्यूंमध्ये स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही मनाई होती. मार्कांचा पाऊस पडला. मग लोकांनी जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर गेम लावला आणि बघतात तर काय, बगच बग! साधारण आठवडाभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत आला तो थेट जून २०२१ मध्ये. मजा म्हणजे कौतुक करणारे खोटं बोलले नव्हते. त्यांच्या रानात पीक खरंच चांगलं आलं होतं. तुमच्याकडे प्लेस्टेशन ४ असेल, तर त्या मार्कांचा तुम्हाला काडीचा उपयोग नव्हता, एवढंच.

दुसरा, रोपं कुणी दिली? २००७ मध्ये अमेरिकेतल्या 'गेमस्पॉट' साइटच्या जेफ गर्स्टमन या समीक्षकानं 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा मार्क दिले. त्याच गेमच्या जाहिराती साइटभर झळकत होत्या. गर्स्टमनची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावाची कहाणी त्यानं उघडपणे सांगितली ती २०१२ मध्ये. यूट्यूबचा जमाना आल्यावर तऱ्हा बदलली. 'शॅडो ऑफ मॉर्डोर'च्या कौतुकाच्या व्हिडिओंसाठी यूट्यूबर्सना पैसे दिले आणि ते प्रेक्षकांना नीट सांगितलं नाही, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सवर ठेवला. प्रकरण तडजोडीनं मिटलं. आपल्याकडेही जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं नियमावली काढली. पैसे घेतले असोत वा वस्तू फुकट मिळालेली असो, प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असं सांगा. फुकट कोड मिळणं हा काही गुन्हा नाही. रिलीजच्या दिवशी रिव्ह्यू द्यायचा तर बहुतेकांना तो लागतोच. मी केला तो गुन्हा वेगळा होता. मी ते सांगितलं नाही.

तिसरा, कितवा बहार? साडेतीन तासांत मी पहिला बहारसुद्धा धड पाहिला नव्हता. बरेच गेम सुरुवातीला नववधूसारखे सजलेले असतात, खरा स्वभाव नंतर कळतो. काही गेमचं उलट होतं. आधी रडतात आणि सहा महिन्यांच्या अपडेट्सनंतर सुधारतात. म्हणून रिव्ह्यूची तारीख बघा आणि खेळलेले तासही बघा. 'स्टीम'वर प्रत्येक रिव्ह्यूसोबत लिहिणाऱ्यानं किती तास खेळलं ते दिसतं, गेम फुकट मिळाला असेल तर तशी नोंदही असते. शिवाय तिथे खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास पूर्ण होण्याआधी परतावा मागता येतो. तेव्हा ते दोन तास सेटिंगमध्ये घालवू नका. आधी गेम चालतो का, तेवढं बघा.

आता एक प्रश्न मामाच्या यादीबाहेरचा. सांगणाऱ्याची जीभ कशी आहे? आणि इथे आपल्या माणसांचा एक घोळ होतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. २०१७ ची किकस्टार्टर मोहीम फसल्यावरही टीमनं तो नेटानं पूर्ण केला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, राजवाडे, बाहुल्यांच्या सावल्या... डोळ्यांचं पारणं फिटतं! 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, घ्याच! परदेशी समीक्षकांनी देखणेपणाचं भरभरून कौतुक केलं, पण मारामारीत तोचतोपणा आहे आणि गेम लवकर संपतो, असंही अनेकांनी लिहिलं. मला राग आला. नंतर स्वतः शेवटापर्यंत खेळले, तेव्हा कळलं की दोन्ही खरं होतं. पुण्याचा म्हणून मी अर्धंच सांगत होते. अभिमान वाटावा, वाटतोच. पण तो स्टारमध्ये मिसळला की समोरच्याच्या पाकिटाला खड्डा पडतो.

जीभ ओळखायची सोपी युक्ती आहे. नवा रिव्ह्यू वाचण्याआधी, तुम्ही संपवलेल्या तीन गेमबद्दल तो माणूस काय म्हणाला होता, ते बघा. तुम्हाला जे खटकलं ते त्याला खटकलं का? मत जुळलंच पाहिजे असं नाही. एक समीक्षक मला सावकाश चालणारा प्रत्येक गेम बोअर आहे म्हणून सांगतो. मला तसलेच आवडतात! त्यानं जांभई दिली की मी विशलिस्टमध्ये टाकते. गेली दोन वर्षं हा फॉर्म्युला हिट आहे. भरवशासाठी माणूस आपल्यासारखा असायची गरज नाही, तो रोज तोच असला म्हणजे झालं.

असो. भावाला मी पैसे द्यायला गेले, तर त्यानं घेतले नाहीत. "तू काय मुद्दाम केलंस का?" म्हणाला. पुण्याला परतल्यावर मी पुरवणीला चार ओळींचा खुलासा पाठवला. खेळले कुठल्या मशीनवर, किती तास आणि कुणाच्या पैशानं. पुढच्या अंकात छापून आला, कोपऱ्यात, राशिभविष्याच्या खाली. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक रिव्ह्यूची पहिली ओळ हीच असते. ती लिहिली की शेवटचं दणदणीत वाक्य आपोआप जरा नरम होतं, हा अनुभव!

परवा भावाचा मेसेज आला. एका नव्या गेमची सगळीकडे हवा आहे. "ताई, आपल्या रानात येईल का हा?"

बोटं शिवशिवली. ट्रेलर पाहिला होता, मतही तयार होतं. पण लिहिलं, "अजून खेळले नाही रे."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "मग थांबतो."