पेटीतला कागद कोण वाचणार?

आपल्या नांदेड-लातूरकडच्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली एक लोखंडी पेटी असते. वरच्या थरात रेशनकार्ड, टी.सी., सातबारा, घरपट्टीच्या पावत्या. खालच्या थरात पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले उर्दू कागद, त्यांवर वाटोळा शिक्का. हे काय आहे म्हणून विचारले तर घरातले सांगतात, ‘दादाच्या जमान्यातलं आहे, राहू द्या.’ ते तसेच राहते. मग एका पावसाळ्यात छत गळते, वाळवी लागते, किंवा माळवदाचे घर पाडून स्लॅबचे बांधताना रद्दीवाल्याला हाक मारली जाते. गावाच्या इतिहासाचे एक पान तिथेच संपते. या महिन्यात आम्हाला वाचकांशी त्या खालच्या थराबद्दल बोलायचे आहे.

इतिहास म्हटला की आपल्या मुलांना दिल्ली, आग्रा, फार तर दौलताबाद आठवते. कंधार, औसा, उदगीर, बिलोली, देगलूर ही आपल्यासाठी तालुक्याची गावे. बाजाराची, बस बदलण्याची. पण इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्यात ‘पादशाहनामा’ या ग्रंथाची एक सचित्र प्रत जपून ठेवलेली आहे. तिच्यात पायाग नावाच्या चित्रकाराने काढलेले एका किल्ल्याच्या वेढ्याचे चित्र आहे. तो किल्ला म्हणजे आपला मन्याड नदीकाठचा कंधारचा किल्ला. १६३१ साली शाहजहानचा सरदार नसीरी खान याने तो घेतला, त्याचे ते चित्र. परका माणूस चित्राखालचे नाव वाचून हे अफगाणिस्तानातले कंदाहार असे समजेल. हे आपले गाव आहे, असे सांगणारा माणूस कंधारातूनच निघायला हवा.

औशाचा किल्ला जवळ जाईपर्यंत नजरेस पडत नाही, आणि त्या गावात औरंगजेबाच्या काळातली जामा मशीद आहे. मलिक अंबरने औसा घेतल्यावर गावाला ‘अंबरापूर’ नाव दिल्याचे सांगतात. उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले १६३६ मध्ये मोगलांकडे गेले. पुढे १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरजवळ सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, तेव्हा मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहीम खान गारदी होते. याच उदगीरात २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिचा आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा, असे सांगितले जाते. गूळ, मिरची, सोने, चपला घ्यायला आपण तिथे शेकडो वेळा गेलो असू. त्या माणसाचे नाव किती घरांत ठाऊक आहे?

वाचता न येणाऱ्या वस्तूचे काय होते, याचे एक उदाहरण फार दूरचे आहे, पण आपल्याला लागू पडते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ब्रोकन हिल नावाचे खाणींचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वैराण मुलखात माल वाहण्यासाठी उंट लागत, आणि ते हाकण्यासाठी अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब, सिंध इथले लोक नेले गेले. गोरे लोक त्या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. त्यांनी तिथे पत्र्याची एक छोटी मशीद बांधली. पुढे मोटारी आल्या, उंटांचे काम संपले, माणसे पांगली. तरी ती मशीद आजही उभी आहे, कारण गावच्या इतिहास मंडळाने ती आपल्या गावची ठेव मानली. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच लहान गावांत अशी मंडळे असतात. गावातलेच लोक जुने फोटो, वह्या, अवजारे एका खोलीत आणून ठेवतात आणि त्यांची नोंद करतात.

त्या मशिदीत एक जुने पुस्तक होते. वर्षानुवर्षे ते कुरआन शरीफ म्हणून दाखवले जाई. समिया खातून या इतिहासकार तिथे गेल्या आणि त्यांनी ते उघडून वाचले. ते निघाले बंगाली: नबींच्या कथा सांगणारे, कोलकात्यात छापलेले पद्याचे पुस्तक, ‘कसासुल अंबिया’. ज्यांनी ते जपले त्यांची नियत चांगली होती. पण जपणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे कागद जपण्याची माया आहे. वाचणारे मात्र भराभर कमी होत चालले आहेत.

ते का, हेही समजून घेऊ. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. कचेरी, कोर्ट, पोलीस, महसूल, शाळा सगळे उर्दूत. त्या काळात शिकलेले पाटील, देशमुख, कुलकर्णी, वकील हेही उर्दू सफाईने लिहीत. म्हणजे हे कागद एकट्या मुसलमानांचे नाहीत. शेजारच्या वाड्यातल्या पेटीतही तेच आहेत. १९४८ नंतर कारभार बदलला आणि आपली मुले मराठी शाळेत गेली. ते चांगलेच झाले. त्यामुळेच हे मासिक तुमच्या हाती आहे. पण त्या उर्दूत शिकलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. आजोबांना वाचता येते पण दिसत नाही, नातवाला दिसते पण वाचता येत नाही, अशी पुष्कळ घरांची स्थिती आहे. आणि ही स्थितीसुद्धा फार वर्षे टिकणारी नाही.

या कागदांत असते तरी काय? कुठे जमिनीचा मुंतखब असतो. इनामाची चौकशी होऊन ते कोणाच्या नावे, कोणत्या सेवेसाठी कायम झाले, हे त्यात लिहिलेले असते. मशिदीची खिदमत, दर्ग्याची दिवाबत्ती, काझी आणि खतीब यांची सेवा, तसेच देवळांची आणि मठांचीही इनामे. कुठे वाटणीपत्र, हिबानामा, निकाहनामा, कर्जरोखा. निकाहनाम्यात मेहरची रक्कम असते, साक्षीदारांची नावे असतात, त्यांची गावे असतात. त्या एका कागदावरून त्या काळचा पैसा, सोयरीक आणि मोहल्ल्यातले वजनदार लोक कोण, हे कळते.

अशा कागदांचे मोल किती, हे २०२३ साली साऱ्या मराठवाड्याने पाहिले. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन दफ्तरे उघडली. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सगळ्यांना जाणवली. ज्या लिपीला आपण घरात ‘जुनं-पुराणं’ म्हणत होतो, तिच्यावर लाखो लोकांचे काम अडले होते.

कागद वाचायला बसाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली म्हणजे सन. बऱ्याच कागदांवर फसली सन असतो आणि आजर, दै, बहमन अशी महिन्यांची नावे असतात. निजामाच्या राज्यातले फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते सप्टेंबरमधली तारीख असेल तर ५९१ मिळवावे. म्हणजे १३४५ फसली हे १९३५-३६ साल. हिजरी सनाचा हिशेब निराळा, दोन्हींची गल्लत करू नये.

दुसरी गोष्ट हद्दीची. लातूर जिल्हा झाला १९८२ साली; त्याआधीचे लातूर शोधायचे तर उस्मानाबाद जिल्ह्याच्या नावाखाली शोधावे लागते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवटचा भाग आदिलाबादकडून आला आणि मुधोळ, भैंसा नांदेडमधून तिकडे गेले. उदगीरच्या एखाद्या घरात दादीचे माहेर बीदर आणि नानीचे हुमनाबाद का असते, याचे उत्तर इथे आहे. सरकारने हद्द बदलली, सोयरीक तशीच राहिली.

आता एक अवघड भाग. आपल्या गावांचा इतिहास लिहायला बसलो की १९४८ साल येते आणि बोलणारा थांबतो. रझाकारांनी गावोगाव केलेले जुलूम खरे आहेत. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करत असे, हेही खरे आहे. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. आणि सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, अशी असंख्य मुस्लिम माणसे मारली गेली, हेही तितकेच खरे आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा केला. सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे समितीने नोंदवले, त्यांत नांदेड, बीदर आणि उस्मानाबाद आहेत. चौथा गुलबर्गा. म्हणजे आजचे नांदेड आणि लातूर दोन्ही त्यात आले. त्याच अहवालात अशीही नोंद आहे की हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुस्लिमांना आसरा दिला, आणि काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुस्लिम विणकर भावांच्या रक्षणासाठी उभे राहिले.

ही हकीकत घरात हळू आवाजात सांगितली जाते, किंवा सांगितलीच जात नाही. आमचे म्हणणे एवढेच की ती पूर्ण लिहा. आपले कोण गेले ते लिहा, आपल्यातल्या कोणी काय केले ते लिहा, आणि कोणाच्या वाड्यात, कोणाच्या धान्याच्या कणगीमागे जीव वाचला तेही नावानिशी लिहून ठेवा. अर्धी हकीकत पुढच्या पिढीत राग तरी होते, नाहीतर शरम. पूर्ण हकीकत कळली तर ती गावात मान वर करून राहू शकते.

उशीर केला तर काय होते, हे लातूरकरांना वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती कोसळल्या. हजारो माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पेट्या, वह्या, आठवणीही ढिगाऱ्याखाली गेल्या. गावे नव्या जागी वसली. जुन्या गावात कोणाचे घर कुठे होते, मशिदीची विहीर कोणी खोदली, हे सांगणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत.

मग करायचे काय? त्याला मोठी संस्था लागत नाही. पेटीतले कागद एकदा सावलीत, कोरड्या जागी उलगडा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो घ्या आणि मुलीला-मुलाला त्याचा अनुक्रम वहीत लिहायला लावा. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या उर्दू जाणणाऱ्या बुजुर्गांना किंवा उर्दू शाळेच्या सरांना गाठा. ते वाचतील, तुम्ही मराठीत उतरवा. एका बैठकीत एकच कागद झाला तरी पुरे.

मशिदीचे किंवा दर्ग्याचे नूतनीकरण निघाले तर जमातीला आधी विचारा की जुना शिलालेख कुठे आहे. तो चुना, ऑइलपेंट किंवा टाइल्सच्या आड जाऊ देऊ नका. निदान आधी त्याचा फोटो घ्या. कब्रस्तानातल्या जुन्या दगडांचेही तसेच.

दादी, नानी, खालाजान यांना विसरू नका. कागदांत बहुतेक पुरुषांची नावे असतात. बायकांचा इतिहास तोंडी असतो. लग्नातली दखनी गाणी, दुष्काळात काय शिजवले, कोणत्या गावाहून डोली आली, कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, हे सगळे त्यांनाच ठाऊक. भाजी निवडत बसलेल्या असताना बाजूला मोबाइल चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या, मध्ये टोकू नका.

निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी सरकारी नोकरी सांभाळून फारसी-उर्दू साधनांवर काम करत राहिले आणि त्यांनी ती मराठी वाचकासमोर आणली. एका माणसाने आपल्याच मातीत राहून हा पूल बांधला. आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. आपापल्या गावापुरती, आपापल्या मोहल्ल्यापुरती एक फळी टाकायची आहे.

तुमच्या गावाची अशी दोन पाने तयार झाली की आमच्याकडे जरूर पाठवा: कागद कोणाच्या घरातला, कोणी वाचला, कोणी लिहिला, या नावांसह. पण त्याआधी एक प्रत गावच्या वाचनालयात द्या, आणि एक त्या शेजाऱ्यांच्या घरी, ज्यांच्या आजोबांचे नाव तुमच्या कागदावर साक्षीदार म्हणून लिहिलेले आहे.