नेटवर्क नसलेल्या वाटेवरचा कोड

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मोबाइल ॲप हे आता वनरक्षकाच्या गस्तीचे साधन झाले आहे. देशातील व्याघ्र प्रकल्पांसाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१० मध्ये एम-स्ट्राइप्स ही प्रणाली आणली ती याच कामासाठी. मात्र वनक्षेत्रात वापरायच्या ॲपचा कोड बहुधा शहरात लिहिला आणि तिथेच तपासला जातो, आणि जीपीएसचा संकेत तुटणे किंवा नेटवर्क नसणे हा तेथील चाचणीत अपवाद असला, तरी गडचिरोलीतील भामरागडच्या रानात तो नित्याचा प्रकार असतो. चाचणीत प्रोग्राम ज्या वाटेने चालवला जातो तेवढीच वाट तपासली जाते. स्थिर विश्लेषण, म्हणजे प्रोग्राम न चालवता साधनाने केलेली त्याच्या कोडची छाननी, चाचणीत कधीच न आलेल्या वाटांचाही माग काढते.

अँड्रॉइडमध्ये शेवटचे ज्ञात ठिकाण मागितल्यावर ‘नल’, म्हणजे ‘काहीच हाती नाही’, असे उत्तर येऊ शकते. ते न तपासता त्यातून अक्षांश काढू पाहणारा कोड ॲप बंद पाडतो, आणि हा धोका अँड्रॉइड स्टुडिओतील तपासणी लिहितानाच दाखवू शकते. नेटवर्कची त्रुटी पकडून पुढे काहीच न करणारा रिकामा ‘कॅच’ विभाग, ज्यामुळे नोंद गुपचूप गहाळ होऊ शकते, पीएमडी हे साधन हेरते. परंतु ‘नल’च्या जागी कोणी शून्य भरले, तर वाघाची पाऊलखूण आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात नोंदली जाईल, आणि व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेली ही चूक सहसा सहकाऱ्याच्या वाचनातच सापडेल.

महाराष्ट्राला स्थिर विश्लेषणाची विद्या परकी नाही. पुण्याच्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात अशी साधने घडली, तर आयआयटी मुंबईतील उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा-प्रवाह विश्लेषणावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही साधन लावले की इशाऱ्यांचा पूर येतो, त्यांतील काही खोटे निघतात, आणि कंटाळलेला चमू सगळेच बंद करतो. गणितज्ञ राइस यांच्या १९५३ च्या प्रमेयानुसार कोणत्याही प्रोग्रामच्या वर्तनाविषयी नेहमी अचूक निकाल देणारे साधन शक्यच नाही, तेव्हा खोटे इशारे हे साधन टाकून देण्याचे कारण ठरत नाही. जुन्या कोडवरील इशारे नोंदवून बाजूला ठेवावेत, नव्या कोडमध्ये एकही वाढू देऊ नये, आणि इशारा दाबायचाच असेल तर त्याचे कारण त्याच ओळीशेजारी लिहावे.

वनक्षेत्रासाठी ॲप बनवून घेणाऱ्या कार्यालयांनी स्थिर विश्लेषणाचा अहवाल निविदेतच मागावा, आणि तो मिळाल्याशिवाय अंतिम देयक मंजूर करू नये.