निविदेचा प्रवास आणि नळाचे पाणी

उन्हाळ्यात नळ कोरडा पडला म्हणजे आपण प्रथम पावसाला बोल लावतो आणि मग नगरपालिकेला. धरणात पाणी असूनही ते घरापर्यंत का पोचत नाही, याचे एक कारण मात्र सहसा आपल्या कानी येत नाही. नव्या पंपाच्या किंवा जलवाहिनीच्या खरेदीचा कागद कित्येकदा एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत असतो.

हा प्रवास लांबचा आहे. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, वृत्तपत्रातील जाहिरात, मोहोरबंद लखोटे, दरांचा तुलनात्मक तक्ता आणि शेवटी कार्यादेश! यांतील एकही पायरी निरर्थक नाही; जनतेचा पैसा जपण्यासाठीच त्या घातलेल्या आहेत. परंतु प्रत्येक पायरीवर कागद थांबू शकतो, आणि तो कोठे थांबला हे कोणालाच दिसत नाही.

या दुखण्यावर तत्कालीन आंध्र प्रदेशाने २००३ साली एक उपाय योजला. निविदापेटीची जागा संगणकाने घेतली. पूर्वी प्रतिस्पर्ध्याला पेटीपर्यंत पोचूच न देण्याचे प्रकार तेथे घडत. निविदेच्या निकालास ९० ते १३५ दिवस लागत. नव्या पद्धतीत ही मुदत सरासरी ३५ दिवसांवर आली. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने सामाईक खरेदीसाठी ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ हा बाजार उघडला.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. पुरवठादाराने भरलेला दर संकेतबद्ध राहतो व ठरलेल्या घटकेपूर्वी अधिकाऱ्यालाही तो उघडता येत नाही. दूरच्या गावचा लहान कारखानदार प्रवासखर्च न करता स्पर्धेत उतरतो. प्रत्येक कृतीची वेळ आपोआप नोंदली जात असल्याने विलंबाला लपण्यास जागा उरत नाही.

तथापि यंत्र म्हणजे जादूची कांडी नव्हे. पंपाचे वर्णनच चुकीचे लिहिले असेल, तर चुकीचा पंप अधिक वेगाने दारी येईल, एवढेच! जलवाहिनीसाठी लागणारी जमीन संगणक मिळवून देत नाही. पुरवठादाराचे देयकही तो स्वतः होऊन चुकते करीत नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. त्याचे पालन माणसांनीच करावयाचे असते. पैसे थकले की चांगला पुरवठादार पुन्हा त्या वाटेला जात नाही, आणि पुढच्या कामाचा विलंब तेथेच पेरला जातो.

आपणा नागरिकांचाही यात वाटा आहे. केंद्राच्या व अनेक राज्यांच्या संकेतस्थळांवर निविदा कोणासही पाहता येतात. घरातील शिकत्या मुलाला सोबत घेऊन आपल्या गावच्या पाणीयोजनेची निविदा एकदा अवश्य शोधावी. कागद आता उजेडात आला आहे. त्याकडे पाहणारे डोळे मात्र आपले हवेत.