मिटलेल्या दारामागचा मुलगा

मुलगा अबोल आहे, पाहुणे आले कीं माडीवर निघून जातो, एवढ्यावरून त्याला कोणी रोगी ठरवूं नये. एकांताची आवड हा स्वभाव आहे, दोष नव्हे. परंतु हाच एकांत वाढत जाऊन जेवणाचें ताटहि दारापाशीं ठेवावें लागूं लागलें, म्हणजे ‘लाजाळू आहे, येईल वळणावर’ असें म्हणत स्वस्थ बसणें धोक्याचें होय.

या अवस्थेचा विचार जपानांत विशेष झाला आहे. तेथें तिला ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. ‘हिकु’ म्हणजे ओढून घेणें व ‘कोमोरु’ म्हणजे आंत कोंडून राहणें, अशा दोन धातूंपासून हा शब्द बनला असून, मनोरोगतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या १९९८ सालच्या ग्रंथामुळें तो सर्वतोमुखी झाला.

२०२० सालीं प्रसिद्ध झालेले निकष असे: तरुण घरांतच एकाकी राहतो, त्यामुळें त्याच्या शिक्षणाची, नोकरीची वा व्यवहाराची हानि होते, आणि हें निदान सहा महिने चालतें. आठवड्यांतून दोन-तीन दिवस बाहेर पडणारा सौम्य, एखाद्याच दिवशीं किंवा त्याहूनहि क्वचित् पडणारा मध्यम, आणि खोलीच सहसा न सोडणारा तीव्र समजावा. मात्र सहा महिने वाट पाहूं नये; तीन महिने होतांच सावध व्हावें. ‘मी मजेंत आहें’ या उत्तरावर विसंबूं नये, कारण प्रारंभीं कोंडून घेण्यानें बरेंच वाटतें.

ताप हें लक्षण. तो हिवतापाचा कीं विषमज्वराचा, हें वैद्य ठरवितो. तसेंच येथें आहे. मिटलेल्या दारामागें नैराश्य, चारचौघांची भीति, स्वमग्नता, छिन्नमनस्कतेचा आरंभ, किंवा शाळेंत झालेला छळ, यांपैकीं कांहींहि असूं शकतें. त्याचा निर्णय घरच्यांनीं करूं नये.

आपल्या एकत्र कुटुंबांत तर ही अवस्था सहज झांकली जाते. ताट कोणीतरी वर पोहोंचवितें, आणि त्याच्याशीं दुसरें कोणी बोललें असेल, असें प्रत्येकजण समजतो. पुढें लोकलज्जेनें वर्षें सरतात. जपानांत ऐंशीच्या घरांतील आईबाप पन्नाशीच्या मुलाला पोसतात. त्या संकटास तेथें ‘ऐंशी-पन्नास’ असें नांवच पडलें आहे. तेथील सरकारनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत १५ ते ६४ वयाच्या अशा माणसांची संख्या सुमारें १४ लाख ६० हजार अंदाजिली आहे.

म्हणून दार फोडूं नये, टोमणेहि मारूं नयेत. घरांतील एकानें रोज दोन साधे शब्द बोलावे. मुलगा वैद्याकडे येत नसेल, तर आईबापांनीं आधीं स्वतः जाऊन सल्ला घ्यावा. उपचाराचा आरंभ तेथूनहि होतो. आणि तो जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा बोलूं लागला, तर एक दिवसहि दवडूं नये.