जीपचे कलम

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात लिहायचे ते संतांच्या अभंगांवर, नाही तर फार तर फसलेल्या अनारशांवर, अशी आपल्याकडे समजूत आहे. या सदराच्या वाचकांनी माझे दोन्ही प्रकार आजवर सोसले आहेत. यंदा मात्र मी डिझेल इंजिनावर लिहिणार आहे. त्याला कारण माझ्या सासुरवाडीची जीप.

देवरुखच्या बाजूला सासऱ्यांची हापूसची बाग आहे. सासरे आता नाहीत. बाग मेहुणा पाहतो. त्या बागेत १९६४ सालची, महिंद्रांनी बांधलेली 'सीजे-३बी' जीप आहे. आपण तिला जीप म्हणतो खरे. पण तिची थोरली बहीण, १९४१ साली अमेरिकन लष्करासाठी जन्मलेली विलीज, लष्कराच्या दप्तरात 'पाव टन, चार बाय चार ट्रक' अशीच नोंदलेली होती. आमच्या बागेतही आंब्याच्या पेट्या भरल्या की ती ट्रकच होते. पाव टनाची मर्यादा तिला कोणी कधी वाचून दाखवलेली नाही, एवढेच.

या जीपचे मूळचे इंजिन पेट्रोलचे, २१९९ घन सेंटिमीटरचे. चारही चाके लावून घाट चढू लागली की ते लिटरला सात-आठ किलोमीटरांच्या पुढे जायला तयार नसे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि तीन डॉलरांच्या आसपास मिळणारे कच्च्या तेलाचे पिंप चारसहा महिन्यांत बारा डॉलरांच्या घरात गेले. तेव्हापासून पेट्रोलची जीप म्हणजे दारात झुलणारा हत्ती झाला. डिझेल स्वस्त होते, आणि विहिरीवरच्या 'इंजना'मुळे शेतकऱ्याच्या कानाला त्याचा आवाज ओळखीचा होता. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवून देणारे मिस्त्री गावोगाव निघाले. १९८८ साली सासऱ्यांनी आपली जीप आंबा घाटातून कोल्हापूरला, उद्यमनगरात नेली. एका अपघातग्रस्त जीपचे प्यूजो जातीचे इंजिन त्यांनी विकत घेतले होते. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २११२ घन सेंटिमीटर. अमेरिकन देहात फ्रेंच काळीज, आणि शस्त्रक्रिया कोल्हापुरात!

हे सारे मला गेल्या जूनमध्ये, हंगाम संपल्यावर उमगले. ते इंजिन दुरुस्तीसाठी खाली उतरवले होते आणि मी मेहुण्याबरोबर दोन दिवस त्याच कारखान्यात बसून होतो. १९८८ मध्ये पाने-स्क्रू हातात देणारा पोरगा आज तिथला मालक आहे. मी भाबडेपणाने विचारले, "मिस्त्री, इंजिन बसवायला फार अवघड असतं का हो?"

तो म्हणाला, "सर, इंजिन बसवणं लई सोपं. बसलेलं इंजिन नांदवणं अवघड."

गेली वीस वर्षे मी वर्गात शब्दांच्या छटा शिकवतो. पण 'नांदवणे' या क्रियापदाचा इतका नेमका उपयोग मी क्वचितच ऐकला असेल.

नव्या सुनेसाठी सगळ्या घराला थोडे थोडे सरकावे लागते, तसेच इथेही आहे. जुने पेट्रोल इंजिन आपल्या पोटातले मिश्रण सातेक पट दाबते आणि मग प्लगच्या ठिणगीने पेटवते. डिझेलला ठिणगी लागत नाही. ते नुसती हवाच वीस-बावीस पट दाबते. त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते, आणि तीत डिझेलचा फवारा सोडला की तो आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली हे यशस्वी करून दाखवले. पण एवढा दाब सोसायचा म्हणजे अंग जाडजूड हवे. म्हणून इंजिन वजनदार, आणि म्हणून जीपच्या पुढच्या पाट्यांना एक पान जादा. त्याचे हादरे मोठे, म्हणून रबराच्या नव्या बैठका. नव्या इंजिनाची भोके जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळत नाहीत, म्हणून मध्ये एक जाड पोलादी प्लेट. ती लेथवर अशी कातायची की इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत यावा. सूतभर राहू द्या, केसभर चुकले तरी बेअरिंग रडू लागते. इंजिनाच्या खालचे तेलाचे भांडे पुढच्या डिफरन्शियलवर आपटू नये म्हणून ते कापून पुन्हा वेल्डिंग करायचे. डिझेलचा पंप जास्तीचे तेल परत पाठवतो, म्हणून ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीला परतीची नळी. ज्या जीपांचे वायपर पेट्रोल इंजिनाच्या ओढीवर चालत, त्यांचे वायपर डिझेल बसताच बंद पडत. कोकणातल्या आषाढात याचा अर्थ काय, ते कोकण्यालाच विचारावे. कोणी ट्रॅक्टरच्या कुळातले संथ इंजिन बसवले तर जीपची बैलगाडी होई, आणि क्राऊन-पिनियन बदलण्याचा खर्च वर पडे. सासऱ्यांनी निवडलेले प्यूजो त्या मानाने चपळ, म्हणून तेवढे वाचले.

आणि शेवटची मौज अशी, की चावी फिरवून काढून घेतली तरी हे इंजिन थांबत नाही. ठिणगीच नाही, तर विझवणार काय? त्यासाठी वेगळी दांडी ओढून डिझेल बंद करावे लागते. तास संपल्याची घंटा झाली तरी बोलतच राहणारे माझे काही सहकारी मला त्या वेळी आठवले.

आता खरा प्रश्न. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. वीस हजार रुपये भरायचे, दहा वर्षांची नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा मानाचा क्रमांक मिळवायचा. अट एवढीच, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार नको. एका हौशी संग्राहकाने मेहुण्याला सुचवले, "तुमचं जुनं पेट्रोल इंजिन गोठ्यात पडलंय ना? ते परत बसवा. गाडीची किंमत कुठल्या कुठे जाईल!" मेहुण्याने मला विचारले, "भावोजी, काय करू?"

संग्राहकाची बाजू मला तुच्छ वाटत नाही. जुनी पोथी संपादताना आम्हीही मूळ पाठ शोधतो, मागाहून घुसलेल्या ओव्या बाजूला काढतो. आणि स्वस्ताईचे म्हणाल तर तेही आता पूर्वीसारखे नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि पेट्रोल-डिझेलमधले जुने अंतर उरले नाही. शिवाय आज कोणी नव्याने असे इंजिन बदलू पाहील, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येईल. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. १९८८ चा तो कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. सासऱ्यांनी त्याआधीच नोंदणी-पुस्तकात इंधनाच्या रकान्यात 'डिझेल' असे रीतसर लिहवून घेतले होते.

पण 'मूळ' म्हणजे नेमके काय? 'सीजे-३बी'चे नाक तिच्या बहिणींपेक्षा उंच का, हे पाहा. १९५३ साली कंपनीने तिच्यात नवे, अंगाने उंच इंजिन घातले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केले. म्हणजे ज्या रूपाला आपण मूळ म्हणून ओवाळतो, तेच मुळी नव्या इंजिनापायी घडलेले आहे. कंपनीने केले ते मूळ, आणि कोल्हापूरच्या मिस्त्रीने केले ते बाटलेले, हा न्याय मला पटत नाही.

दुसरे असे, की व्हिंटेज क्रमांकाची गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शनाला, मेळाव्याला, शर्यतीला न्यावी. म्हणजे जीप मूळ स्वरूपात येईल, पण जिच्यासाठी ती बागेत आली, त्या पेट्या मात्र दुसऱ्याने वाहायच्या. तिच्या वयाच्या किती पेट्रोल जीपा महाग पडतात म्हणून भंगारात गेल्या, ते आपण पाहिलेच आहे. ही वाचली ती बदलल्यामुळे.

मी मेहुण्याला त्याच्याच बागेतला दाखला दिला. त्याच्या हापूसच्या प्रत्येक झाडाचा खुंट रायवळ आहे. फांदी तेवढी हापूसची. कलम बांधणाऱ्याने सालीला साल नेमकी भिडवली, म्हणून दोन झाडांचे एक झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या फळत राहिले. त्याला अस्सल हापूस म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. कायद्याचे कलम ५२ त्याच्या जागी योग्यच आहे. रस्त्यावरच्या जिवांची काळजी त्याने करावी. पण बागेतले कलमही काही सांगत असते, तेही ऐकावे.

मेहुण्याने डिझेल इंजिनच दुरुस्त करून घेतले. जुने पेट्रोल इंजिन मोडीत घालू नकोस, एवढे मात्र मी त्याला निक्षून सांगितले. मिस्त्रीने त्याच्या सिलिंडरांत तेल सोडले, भोकांना बुचे मारली, आणि ते पुन्हा गोठ्यात गोणपाटाखाली गेले. मूळ प्रत कपाटात जपावी आणि पाठ असलेला अभंग गात वारीला निघावे, तसे. येत्या चैत्रात पेट्या पुन्हा भरतील, आणि त्या पाव टनापेक्षा अंमळ जास्तच असतील.